बोरीची सडक

फोंड्याहून निघून बोरी, लोटली, राय या गावांवरून मडगावास जाणारी सडक लांबीने अगदीच तोकडी. एका टोकास बेळगावकडे जाणारा हमरस्ता, दुसऱ्या टोकास मुंबई-मंगळूरचा. त्या दोहोंना सांधणारा हा दुवा, एवढीच तिची ओळख नकाशा देतो. परंतु आम्हां गोमंतकीयांच्या दैवतांचा इतिहास याच वाटेवर विखुरलेला आहे.

1543 साली साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि 1567 मध्ये राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने तेथील देवळे जाळली. जुवारी नदीच्या अलीकडे अंत्रूज महालात त्यावेळी आदिलशाही अंमल होता. म्हणून लोटलीचा रामनाथ व कोलव्याची महालक्ष्मी नदी ओलांडून बांदिवड्यास आली. बाणावलीची नवदुर्गा बोरीस राहिली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली. 1763 साली अंत्रूजही पोर्तुगीजांकडे गेले, तथापि तोवर राज्यकर्त्यांचे धोरण पालटले होते, देवळे वाचली.

देव नदीपार गेले, पण भक्तांचे मूळ गाव सुटले नाही. या देवस्थानांचा कारभार आजही 1933 च्या देवस्थान-नियमांन्वये चालतो. महाजनांच्या घराण्यांचा माग काढू लागल्यास त्यांतील कित्येक साष्टीच्याच गावी जाऊन पोचतात. कायद्याच्या दृष्टीने हा केवळ हक्काचा पुरावा. आमच्या मते तो या वाटेचा सर्वात जुना दस्तऐवज होय.

पुढे नदीवर पूल झाला. डिसेंबर 1961 मध्ये माघार घेताना पोर्तुगीजांनी तो उडविला. 19 तारखेस भारतीय सेनेच्या शीख तुकड्या नदी ओलांडून व छातीभर पाण्यातून पैलतीरी, रायच्या धक्क्यावर उतरल्या आणि तेथून मडगावास गेल्या. जेथून देव लपतछपत अलीकडे आले, त्याच पाण्यावरून चार शतकांनी स्वातंत्र्य उलट दिशेने गेले.

आता तेथे आणखी एक पूल बांधण्याचे घाटत आहे आणि त्याच्या आखणीस लोटलीच्या खाजन शेतकऱ्यांनी हरकत घेतली आहे. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही शेते भरावाखाली गेली, तर भरपाईच्या रकमेने ती परत उभी राहणार नाहीत. रस्ता रुंद व्हावा, हे आम्हांसही मान्य आहे. पण ज्या गावाने आपला देव एकदा गमावला, त्याची जमीन घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढा न्याय या सडकेला देणे अगत्याचे आहे.