शेवाळ म्हणजे नक्की काय?

मराठी वाचकाला झाशीच्या भिंती माहीत आहेत त्या १८५८च्या वेढ्यामुळे आणि त्या वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे. याच भिंतींवर पावसाळ्यात जे हिरवे उगवते, त्याला आपण ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो.

अनुवाद करताना हा शब्द मला नेहमी अडवतो. तळ्यातले हिरवे तंतू, अंगणातला निसरडा थर, भिंतीवरची मखमल, सगळे त्यात मावते. यातली मखमल म्हणजे मॉस, परिभाषेत ‘हरिता’. तिला इवलीशी पाने असतात, पण फूल आणि बी नसते.

झाशी पडल्यानंतर वर्षभराने, १८५९मध्ये, लंडनच्या लिनियन सोसायटीने विल्यम मिटन यांची भारतीय मॉसची लॅटिन यादी छापली. मिटन ससेक्समधले औषधविक्रेते. इकडून गेलेले वाळके नमुने पाहून त्यांनी ती रचली. पुढे लाहोरचे शिवराम कश्यप यांनी १९२९मध्ये यकृतका या मॉसच्या भावंडांवर ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकात पश्चिम हिमालयाबरोबर पंजाबचे मैदानही आहे. १९६९पासून गांगुलींचे खंड आले, ते पूर्व भारतावर. या शीर्षकांचा नकाशा केला, तर मधला बुंदेलखंड कोराच राहतो.

मुलूख कोरडा, म्हणून तिथे मॉस नसेल असे वाटते. पण भारतभर जुन्या भिंतींवर आढळणारी ‘हायोफिला इन्व्होल्यूटा’ घ्या. पाणी आटले की ती पाने आत गुंडाळून तपकिरी होते, थेंब पडताच पुन्हा उघडते. ‘इन्व्होल्यूटा’ म्हणजे आत वळलेली. नाव ठेवणाऱ्याने तिची सवयच लॅटिनमध्ये उतरवली.

म्हणून झाशीची पाहणी श्रावण-भाद्रपदात करावी. दहापट भिंगातून पाने पाहावीत. जागा, तारीख, दगड की चुना, आणि भिंतीची दिशा लिहावी. पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखाली, पानातल्या पेशी पाहूनच पटते. संरक्षित वास्तूवरचा नमुना परवानगीशिवाय खरवडू नये.

वास्तू टिकवण्यासाठी भिंती घासाव्या लागतात, हे मान्य. पण ज्याला आपण नुसते शेवाळ म्हणतो, ते घासताना काय गेले हे कुणालाच सांगता येत नाही. घासण्याआधी निदान नाव तरी लिहून ठेवावे.