थर वाचायला कोण शिकलं?



वैशाखात विहीर तळाला गेली की तिच्या भिंती उघड्या पडतात. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा आणि त्याखाली पुन्हा काळा. विहीर पाडणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. सहावी-सातवीच्या मुलांना खडकांचे थर आणि पृथ्वीचं वय शिकवायचं तर फळ्यापेक्षा ही भिंत बरी, म्हणून आमच्या गटातल्या काही जणी शाळेतल्या बाईंसोबत मुलांना तिथे नेतो. कठड्याबाहेरूनच बरं का, विहिरीत कुणाला उतरवायचं नाही.

आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो भाकरीचा. टोपलीतली सगळ्यात खालची भाकरी कधीची? पहिली थापलेली. थरांचंही तसंच, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. आज हे सोपं वाटतं, पण निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या अभ्यासकानं ते नीट मांडून छापलं १६६९ साली.

पुढचं काम केलं ते एका लोहाराच्या मुलानं. इंग्लंडचा विल्यम स्मिथ जमिनीची मोजणी करायचा. कोळशाच्या खाणीत उतरताना आणि कालव्याची खोदाई बघताना त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येक थरात दगड झालेले शंख-शिंपले वेगळे असतात. मग दोन गावांतला खडक दिसायला सारखा असो वा नसो, शिंपले तेच असले तर थर एकाच काळातला. यावरून त्यानं १८१५ साली इंग्लंडच्या खडकांचा मोठा नकाशा छापला. चार वर्षांनी कर्जापायी त्याला तुरुंगात जावं लागलं. मान मिळाला तो खूप उशिरा, १८३१ साली.

त्याच काळातली मेरी अ‍ॅनिंग तर आपल्यातलीच वाटते. लाइम रेजिस या समुद्रकाठच्या गावातली सुताराची मुलगी. अकरा वर्षांची असताना वडील गेले, घरावर कर्ज. पावसाळी दिवसांत कडे ढासळले की त्यातून दगड झालेले शिंपले, हाडं बाहेर पडायची. ती वेचून विकायची, त्यावर घर चालायचं. भावाला १८११ साली एका अजस्र प्राण्याची कवटी सापडली, उरलेला सांगाडा मेरीनं शोधला. १८२३ साली लांब मानेच्या दुसऱ्या सागरी प्राण्याचा अख्खा सांगाडा तिनं काढला. विद्वान लोक तिच्याकडून विकत घ्यायचे आणि आपल्या नावानं लेख लिहायचे. लंडनच्या भूशास्त्र संस्थेनं बायकांना सभासद करून घेतलं १९१९ साली. मेरी १८४७ मध्येच वारली होती. शेतात राबणारी एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवीन नाही. मुलींना ही गोष्ट आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो.

आता आपल्या विहिरीकडे या. आपल्या काळ्या पाषाणात शंख-शिंपले का नाहीत? कारण तो आगीतून आलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि तापलेला रस बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचून महाबळेश्वरच्या बाजूला ही रास हजार मीटरहून जाड झाली. घाटात पायऱ्यांसारखे दिसतात ते हेच थर. आपलं जातं आणि पाटा-वरवंटा याच दगडाचा, अजिंठा-वेरूळची लेणीही त्यातच कोरलेली.

आणि तांबडा पट्टा? तो म्हणजे मधली विश्रांती. एक थर थंड झाला, ऊन-पावसानं वरून झिजून त्याची माती झाली, मग नवा रस आला आणि ती भाजून निघाली. ही विश्रांती किती लांब असेल? नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना १८५० च्या दशकात दोन आगींच्या मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडापाल्याचे अवशेष सापडले. म्हणजे तिथे तळी भरली होती, झाडं वाढली होती.

पण कोटी म्हटलं की मुलं नुसती मान डोलावतात. म्हणून आम्ही शाळेच्या ओट्यावर नऊवारी पसरतो. पृथ्वीचं वय ४६० कोटी वर्षं, म्हणजे एका वाराला ५१ कोटी. जवळजवळ आठ वार जातात तोवर शंख-शिंपल्याचा जीवसुद्धा नाही. डायनासोर येतात पदराच्या टोकापासून हातभराच्या आत. आपला काळा पाषाण सहा बोटांवर, आणि डायनासोर संपतात तेही तिथेच. माणूस कुठे म्हणून विचारलं की पोरं चार बोटं दाखवतात, वीतभर दाखवतात. तो असतो पदराच्या शेवटच्या एक-दोन धाग्यांत.

हे सगळं पोटापाण्याचंही आहे. बोअरसाठी घेतलेलं कर्ज पाणी लागो न लागो फेडावंच लागतं. आपल्या खडकात पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड पाषाण कोरडाच. बोअरची गाडी चालू असताना बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग बदलत जातो. दर दहा फुटांना मूठभर भुकटी पिशवीत भरायची आणि वर खोली लिहायची, हे काम सातवीच्या मुली चोख करतात. दोन विहिरी आणि एका बोअरचे असे तक्ते शेजारी शेजारी लावले, की या तक्त्यावरच्या तांबड्या पट्ट्यापासून त्या तक्त्यावरच्या पट्ट्यापर्यंत दोरी ताणता येते. मात्र तिन्ही जागांची उंची एका पातळीवरून मोजा, नाहीतर दोरी उगाच तिरकी जाईल. पिशव्या आणि पेन आदल्या दिवशीच तयार ठेवा, बोअरची गाडी रात्री-अपरात्री येते.