भाताशिवाय जेवण
परळला आमची आजी खानावळ चालवायची. जेवणारे सगळे कोकणातले गिरणीकामगार. पाळी सुटली की ताटात आधी भाताचा ढीग, मग वर बांगड्याचं कालवण. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. आजी चपात्या लाटून थकायची; गडी मात्र "जेवलोच नाय" म्हणत उठायचे.

हे चोचले मनाचे की मागणी शरीराची? दिवसभर साच्यावर राबलेल्या अंगाला पिष्ट हवंच. त्याचीच साखर होऊन स्नायूंना मिळते. पण ती चपातीतूनही मिळते की! भूक शरीराची खरी, भाताचा हट्ट सवयीचा. पिष्टामुळे मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं म्हणून ओढ लागते, असं एमआयटीच्या वुर्टमन दांपत्याने मांडलं. मला ते इथे लागू वाटत नाही. जेवणात थोडी प्रथिनं आली तरी तो परिणाम ओसरतो, आणि बांगडा तर ताटात असायचाच.

आजीने शेवटी युक्ती काढली. आधी चपात्या, आणि राखून ठेवलेला मूठभर भात अगदी शेवटी. कुरकुर थांबली.