नाहूर–ठाणे खाडी परिसर

मुंबई उपनगर जिल्ह्यातील साष्टी बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगतचा भूभाग. भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान वसलेल्या नाहूरच्या पश्चिमेस कान्हेरीचे वनाच्छादित डोंगर, तर पूर्वेस मिठागरे, खारफुटी व ठाण्याची खाडी आहे. येथील प्रेक्षणीय स्थळे मुख्यतः प्रवाशांसाठी निर्माण झालेली नाहीत. धर्म, व्यापार, पाणीपुरवठा व मीठ-उत्पादन यांच्या गरजांतून ती घडली अथवा टिकली.

कान्हेरी येथे शंभराहून अधिक बौद्ध लेणी असून त्यांचे खोदकाम इ. स. पू. पहिल्या शतकापासून सु. दहाव्या शतकापर्यंत चालू होते. कोरीव लेखांत कल्याण, सोपारा इ. नगरांतील दात्यांचे उल्लेख आढळतात. बहुतेक लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठविण्याची खडकात खोदलेली टाकी (पोढी) आहेत. त्यांच्यामुळे उन्हाळ्यातही भिक्षूंना डोंगरावर वास्तव्य करता येई. लेणे क्र. ९० मधील इ. स. १००९ व १०२१ चे पेहलवी लेख तेथे येऊन गेलेल्या पारशी अभ्यागतांची नावे नोंदवितात. त्यांवरून लेणी पाहण्यास येण्याची प्रथा किती जुनी आहे, हे दिसून येते.

पुढे साष्टी पोर्तुगीज (१५३४), मराठे (१७३७) व इंग्रज (१७७४) यांच्या ताब्यात क्रमाने गेली. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधण्यात आले. त्यांचे पाणलोट क्षेत्र निर्वेध राखणे भाग असल्याने सभोवतालचे वन वाचले. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (सु. १०४ चौ. किमी.) बिबटे, चितळ व सांबर आढळतात.

खाडीकाठी पावसाळ्यानंतर भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हावर मीठ पिकविले जाई. कच्छच्या रणाकडून येणारे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येथील गाळातील शैवलावर उपजीविका करतात. खाडीचा सु. १७ चौ. किमी. भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीस रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

मिठागरांना मात्र असे संरक्षण लाभलेले नाही. धारावी पुनर्विकासातील घरांसाठी मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग येथील सु. २५५ एकर मिठागरांची जमीन वापरण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य शासनाने घेतला. घरांची निकड मोठी असली, तरी भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेणारी ही सखल भूमी बुजल्यास सभोवतालच्या वस्त्यांना पुराचा धोका वाढतो. डोंगरावरील वन त्याच्या उपयुक्ततेमुळे टिकले. खाडीकाठच्या या भूमीचे भवितव्यही तिची उपयुक्तता कितपत ओळखली जाते, यावर अवलंबून आहे.