पडद्यापुढचे महाराजे

मराठी माणूस फर्स्टक्लासनं प्रवास करीत नसला तरी 'फर्स्टक्लास' हा शब्द त्याच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो. चहा फर्स्टक्लास होतो, तब्येत फर्स्टक्लास असते, मुलीला सांगून आलेलं स्थळ फर्स्टक्लास असतं. हिवाळ्यात आमच्या खानदेशात शेतावर भरीत-पुरीची पार्टी झाली की पंगतीतला शेवटचा माणूससुद्धा ढेकर देऊन "फर्स्टक्लास!" म्हणतो. वास्तविक तो गोणपाटावर बसलेला असतो. हा शब्द आपल्याकडे रुजवला तो रेल्वेनं आणि विद्यापीठानं. या दोन्ही संस्थांत माझा संबंध सेकंडक्लासशीच आला.

मी मुक्ताईनगरला असतो. जुन्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबाद. नोकरी बँकेत, काउंटरवर. आमच्या गावाहून निघणारा खरा लांब पल्ल्याचा प्रवास म्हणजे मुक्ताबाईंची पालखी. आषाढीसाठी पंढरपूरला जायला तिला महिनाभराहून अधिक दिवस लागतात. त्यात बसायची जागा एकच आणि ती पादुकांसाठी राखीव. बाकी सगळे पायी. अशा गावात बसून विमानातल्या फर्स्टक्लासचा इतिहास लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असं वाचक विचारतील. तर उत्तर सोपं आहे. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्याची सुखं मोजायला अवघड जाऊ नये.

पहिली गंमत अशी की विमानात सुरुवातीला फर्स्टक्लास नव्हताच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला विमान घेऊन आले ते टपालाच्या पिशव्यांसाठी. त्यात पहिला, दुसरा, तिसरा असे सगळे वर्ग पोस्टाच्या तिकिटांचे. त्याआधी १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजनं लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली होती. तिला सात दिवस लागत आणि मधला काही प्रवास चक्क रेल्वेनं करावा लागे. त्या काळी सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करून त्याचं वजन करीत. म्हणजे कापसाच्या गाठीची आणि साहेबाची नोंद एकाच वहीत. एवढी समानता पुढे विमानप्रवासात कधी आली नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. प्रवासी पस्तीस. तिकीट १,७२० रुपये. तेव्हाच्या कारकुनाला ही रक्कम बघायला मिळायची ती फक्त लेजरमध्ये. या पस्तिसांत कोण फर्स्टक्लास आणि कोण सेकंड, असा प्रश्न नव्हता. तिकीट काढता आलं, हाच क्लास. विमानात पडदा नव्हता, कारण पडद्यामागे बसवायला कोणी नव्हतं.

तो माणूस आला १९५२ मध्ये. अटलांटिकवर 'टूरिस्ट क्लास' निघाला आणि १९५८ मध्ये 'इकॉनॉमी'. तेव्हा कुठे पुढे बसणाऱ्याला आपण पहिल्या वर्गात आहोत हे नीट कळलं. आमच्या बी.कॉम.च्या भाषेत सांगायचं तर फर्स्टक्लास ही मालमत्ता नव्हे, तो फरक आहे. मागची रक्कम मांडल्याशिवाय तो काढताच येत नाही.

आता हा फरक टिकवायचा कसा? तेव्हा विमानांची भाडी कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेत बसून ठरत. भाडं सगळ्यांचं सारखं म्हणून मग चढाओढ ताटात सुरू झाली. इकॉनॉमीवाल्याला फक्त सँडविच द्यायचं असा नियम झाला. हेतू हा की मागच्यानं फार खुशीत राहू नये. पण स्कँडिनेव्हियन कंपनीनं पावाचा एक तुकडा खाली ठेवून त्यावर असा काही थाट रचला की त्याला सँडविच म्हणणं म्हणजे आमच्या शेवभाजीला फरसाण म्हणणं. अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली, १९५८ मध्ये सँडविच म्हणजे नेमकं काय यावर मोठमोठ्या माणसांनी खल केला आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. गरिबाला जास्त वाढल्याबद्दल दंड भरणारी ही कंपनी मला विमानाच्या इतिहासात फार जवळची वाटते.

आपला महाराजा याच्याही आधीचा. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो जन्माला घातला. मोठी मिशी, मोठा फेटा आणि कमरेत वाकलेला. राजाच वाकतो म्हटल्यावर पुढे बसलेला माणूस कोण झाला, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. जे. आर. डी. स्वतः विमानात बसले की वही काढून बसत. पडद्याचा रंग, चमचे, वाढण्याची पद्धत, सगळ्याच्या नोंदी. चहाचा रंग कॉफीपासून ओळखता येत नाही, अशीही एक तक्रार त्यांनी लेखी कळवली होती. चहा आणि कॉफी ओळखू येऊ नये ही आमच्याकडे स्टँडवरच्या कॅन्टीनची जुनी परंपरा आहे. पण मालकानं स्वतः पिऊन तक्रार केल्याचं उदाहरण हेच.

१९६७ मध्ये एअर इंडियानं साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून राखदाणी करून घेतली आणि ती फर्स्टक्लासच्या प्रवाशांना भेट दिली. एका बाजूनं हंस दिसतो, उलटी धरली की हत्ती. मेहनताना म्हणून दालींनी हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीनं ते विमानानं युरोपला पोचवलं. हे व्हाउचर कोणत्या खात्यात टाकलं असेल, या विचारानं मला एकदा झोप लागली नव्हती.

मग आलं १९७१. एप्रिलमध्ये एअर इंडियाचं पहिलं जम्बो जेट 'एम्परर अशोक' मुंबईत उतरलं. खिडक्यांभोवती बाहेरून झरोके रंगवलेले, वरच्या मजल्यावर फर्स्टक्लासवाल्यांना बसाय-प्यायला दिवाणखाना. जाहिरातीत त्याला आकाशातला राजवाडा म्हणत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्ती होऊन खऱ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. म्हणजे जमिनीवरचे महाराजे ज्या वर्षी उतरले, त्याच वर्षी आकाशातले चढले. पुढे १ जानेवारी १९७८ रोजी हेच विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि आतले सर्व २१३ जण गेले. त्या यादीत वर्गवारी नव्हती.

आता सुखाची तुलना. १९७६ मध्ये काँकॉर्ड सुरू झालं. आवाजाच्या दुप्पट वेग, लंडनहून न्यूयॉर्क साधारण साडेतीन तासांत, तिकीट फर्स्टक्लासपेक्षाही चढं. आणि आत? अरुंद बोगदा, पोस्टकार्डाएवढ्या खिडक्या, एका रांगेत चारच सीट, त्याही आखडलेल्या. जगातली सर्वांत श्रीमंत माणसं सर्वांत जास्त पैसे मोजून एसटीसारखी बसत होती. कारण त्यांनी विकत घेतलं होतं ते लवकर उतरणं. प्रवासातलं खरं सुख प्रवास संपण्यात आहे, हे आमच्या यावल-फैजपूरच्या प्रवाशांना काँकॉर्डशिवाय कळलेलं होतं.

नव्वदीच्या दशकात फर्स्टक्लासमध्ये सपाट पलंग आला. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं नव्या ए-३८० विमानात दाराच्या खोल्या केल्या. २००८ मध्ये एमिरेट्सनं त्याच जातीच्या विमानात न्हाणीघर आणलं. दर माणशी गरम पाणी पाच मिनिटं! ठरावीक वेळ पाणी सोडण्याची ही पद्धत आमच्या गल्लीत कैक वर्षं चालू आहे, पण तिला फर्स्टक्लास म्हणायचं कुणाला सुचलं नाही. २०१४ मध्ये एतिहादनं कडी केली. हॉल, बेडरूम, बाथरूम आणि दिमतीला बटलर. आमच्या गृहकर्ज विभागात याला वन बीएचके वजा किचन असं लिहितील आणि सातबारा मागतील.

तरीही सेवेच्या बाबतीत मला या सगळ्या कंपन्या एकसारख्या वाटतात. खाणं, झोपणं, आंघोळ, चहा वेळेवर मिळणं आणि कोणी नाव घेऊन बोलणं, एवढंच त्या विकतात. हे सगळं जमिनीवर आईकडे मिळतं. आकाशात त्याला लाखो रुपये पडतात.

हिशेब न्यायानं मांडायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पुढचा प्रवासी जे भरतो त्यावर विमानाचा बराच खर्च निघतो आणि मागचं तिकीट थोडं स्वस्त ठेवता येतं. पण जागेचं खातं वेगळं बोलतं. मागच्या वर्गात एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर हल्ली साधारण ३१ इंच असतं. पूर्वी ते ३४-३५ असे. आडवा झालेला माणूस साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच घेतो. एकानं पाय पसरले की मागच्या अडीच रांगा त्यात मावतात. सपाट पलंग पुढे बिझनेसक्लासपर्यंत खाली आला. त्याच्या मागे मात्र तो गेला नाही. मागच्याचं होतं त्यातलंही तीनचार इंच गेलं.

आमच्याकडची पोरं नोकरीसाठी आखातात जातात ती याच ३१ इंचांत. एका पेन्शनर आप्पांना मी काउंटरवर विचारलं, "आप्पा, पोरगा पोचला का नीट?"

"पोचला, साहेब. गुडघे मागून येत्येत म्हणाला."

आणि याच तालुक्यातून आखातात फर्स्टक्लासनं कोण जातं, माहीत आहे? केळी. धुऊन, पुसून, मध्ये मऊ फोम घालून, खोक्यात निजवून, १३-१४ अंशांच्या थंडगार कंटेनरमधून बोटीनं. वाटेत जराही धक्का लागू नये म्हणून केवढी काळजी! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती पिकवणाऱ्याला अजून ते मिळायचं आहे.

आमच्या भागातलं एकच माणूस आकाशातल्या अगदी वरच्या खुर्चीपर्यंत गेलं. एदलाबादच्या १९६७ ते १९८५ आमदार असलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. परदेश दौऱ्याला अख्खं जम्बो जेट. पण त्यांचं जे उड्डाण लोकांच्या लक्षात राहिलं ते २५ नोव्हेंबर २००९ चं. पुण्याच्या लोहगावहून, वयाच्या ७४ व्या वर्षी, सुखोई लढाऊ विमानातून. त्यात ना चहा ना पडदा. पट्ट्यांनी आवळून बांधलेली खुर्ची. तरी गावात त्या दिवशी ज्यानं त्यानं एकच शब्द वापरला, तो सांगायला नको.

पुढच्याचं सुख मागच्यापर्यंत पोचायला काय लागतं, याचं उत्तर मला विमानात सापडलं नाही, भुसावळ स्टेशनात सापडलं. रेल्वेत पूर्वी फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड असे चार वर्ग होते. गांधीजींनी १९१७ मध्ये थर्डक्लासच्या हालांवर लिहिलं. १९५५ मध्ये जुना फर्स्टक्लास रद्द झाला आणि सेकंडलाच फर्स्ट म्हणू लागले. १९७४ मध्ये थर्ड रद्द होऊन तोच सेकंड झाला. म्हणजे प्रवासी जागचा न हलता, नुसत्या रंगाऱ्याच्या ब्रशावर बढती. आम्हा बँकेच्या क्लार्क मंडळींचंही अलीकडे 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं बारसं झालं. खुर्ची तीच, तिचा मोडका हातही तोच. तेव्हा ही बढती मला चांगली ठाऊक आहे.

फळी मात्र फळीच राहिली होती. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणातल्या राजापूरचे खासदार आणि मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी फर्स्टक्लासची गादी काढली नाही. सेकंडच्या लाकडावर दोन इंच फोम घातला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुटली. सगळे डबे एकाच वर्गाचे, पहिला वर्गच नाही, आणि पाठीखाली गादी. ती भुसावळवरूनच जाते. नागपूर, टाटानगर, कलकत्ता अशा लांबच्या वाटेला लागलेल्या साध्या माणसाला हाडं न मोजता झोपता आलं.

आकाशातल्या ७८ इंचांवर जगभर केवढ्या जाहिराती झाल्या. या दोन इंचांची जाहिरात कुणी केली नाही. त्यासाठी हत्तीचं पिल्लूही द्यावं लागलं नाही. एका माणसानं मागे वळून बघितलं, एवढंच. पुढे गीतांजलीलाही वातानुकूलित डबे लागले, टू-टायर आले, थ्री-टायर आले. वर्ग परत आले. गादी मात्र कुणाला परत नेता आली नाही.