नामांतर ते नामलोप : अस्मितेच्या समीक्षेचा बीडमधील प्रवास

१

अस्मितेच्या राजकारणावर आज जी टीका केली जाते तिचा संज्ञाव्यूह बहुधा पाश्चात्त्य वादांतून घेतलेला असतो. १९७७ मध्ये अमेरिकेतील कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाने आपल्या निवेदनात 'अस्मितेचे राजकारण' ही संज्ञा वापरली, ती वंश, वर्ग आणि लिंगभाव यांचे जाच परस्परांत गुंतलेले आहेत हे सांगण्यासाठी. पुढे नॅन्सी फ्रेझर यांनी १९९५ मध्ये 'पुनर्वाटप' आणि 'मान्यता' या दोन मागण्यांमधील ताणाची मांडणी केली आणि अस्मितेची चर्चा त्या द्वंद्वाभोवती फिरू लागली. मराठीत हा वाद उसना आला, असे मानण्याची प्रथा आहे. मराठवाड्याचा इतिहास ती प्रथा मान्य करीत नाही. येथे हा वाद १९७८ पासून ग्रंथांत शिरण्याआधीच अग्रलेखांत, मोर्चांत आणि जळालेल्या दलित वस्त्यांत झालेला आहे.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाडाभर हिंसाचार उसळला आणि ठरावाची अंमलबजावणी स्थगित झाली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. आंदोलने, तुरुंगवास आणि बलिदाने यांच्या सोळा वर्षांनंतर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले. बीड मूळ विद्यापीठातच राहिला.

या वाटणीत एक अर्थपूर्ण विसंगती आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या शैक्षणिक कार्याची एक प्रमुख भूमी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. तेथील योगेश्वरी विद्यालयाशी त्यांचे नाव निगडित आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या स्मृतीवर ज्या जिल्ह्याचा एवढा हक्क, त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पदव्यांवर आंबेडकरांचे नाव आले. नामांतराच्या वादात परस्परविरोधी म्हणून उभ्या केलेल्या दोन स्मृती बीडमध्ये एकाच भूमीवर नांदतात. म्हणूनच त्या वादाची तपासणी येथून करणे उचित ठरते.

२

नामांतराला झालेला विरोध केवळ जातिद्वेषातून आला असे म्हणणे सोपे आहे, आणि वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांपुरते ते खरेही आहे. परंतु विरोधाची एक वैचारिक बाजू होती व तिची मांडणी करणारे लोक प्रतिगामी म्हणून ओळखले जात नव्हते. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव आणि गोविंदभाई श्रॉफ हे दोघेही निजामी राजवटीविरुद्ध लढलेले, पुरोगामी परंपरेतले. त्यांच्या भूमिकेचा आशय थोडक्यात असा मांडता येतो : १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ हे मागासलेल्या प्रदेशाच्या सामूहिक आकांक्षेचे प्रतीक आहे, 'मराठवाडा' हे नाव कोणा एका समूहाचे नाही, सर्वांचे आहे, प्रादेशिक विकासाचा प्रश्न मूलभूत आणि नावाचा प्रश्न भावनिक आहे.

या युक्तिवादाची रचना आजच्या वाचकाला परिचित वाटेल. एका बाजूस 'सर्वांचे' नाव, दुसऱ्या बाजूस 'काहींचे' नाव. एका बाजूस भौतिक प्रश्न, दुसऱ्या बाजूस प्रतीक. परंतु 'मराठवाडा' हे नावही अस्मितेचेच होते. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या वारशापासून मुक्तिसंग्रामापर्यंतची एक स्मृतिमालिका त्याच्यामागे उभी होती. प्रतीक गौण असेल तर ते बदलण्यास एवढा विरोध का, या प्रश्नाला त्या भूमिकेत उत्तर नव्हते. निजामी काळात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. तेथे जुने नाव पुन्हा रूढ झाले, त्याकडे मुक्तीचे एक अंग म्हणून पाहिले गेले. नाव बदलणे ही भावनिक चैन आहे, असे त्या संदर्भात कोणी म्हणत नाही. म्हणजे आक्षेप नावांच्या राजकारणाला नव्हता. कोणाच्या स्मृतीला सार्वत्रिक मानायचे आणि कोणाच्या स्मृतीला विशिष्ट ठरवायचे, याचा तो निवाडा होता.

याचा एक वाङ्मयीन पुरावाही आहे. १९८३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अंबाजोगाईस भरले, तेव्हा नामांतराचा ठराव पाच वर्षे पडून होता. पुढच्याच वर्षी जळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद शंकरराव खरात यांच्याकडे आले. खरात हे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले होते. दलित व्यक्ती कुलगुरू झालेली चालते, संमेलनाध्यक्ष झालेली चालते. परंतु दलितांच्या सामूहिक स्मृतीचे नाव विद्यापीठाच्या दारावर लागणे सोळा वर्षे दुष्कर होते. व्यक्तीला गुणवत्तेच्या निकषावर सामावून घेता येते, तिच्यामुळे सार्वत्रिकाची व्याख्या बदलावी लागत नाही. नाव मात्र ती व्याख्याच बदलू पाहते.

३

अस्मितेवरील दुसरी टीका डावीकडून आली आणि ती दलित चळवळीच्या आतच जन्मली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या संज्ञेत अनुसूचित जाती-जमाती व बौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांचाही समावेश केला. राजा ढाले यांना त्यात मार्क्सवादाची घुसखोरी दिसली. नामदेव ढसाळ यांना त्याखेरीज मुक्तीचा मार्ग दिसेना. १९७४ मध्ये संघटना फुटली. जात की वर्ग हा पर्याय चळवळीपुढे असा ठेवला गेला, जणू एक निवडल्यावर दुसरा आपोआप निकालात निघतो. शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून आणि पुढे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) लिहून ही फाळणी नाकारण्याचा सैद्धान्तिक प्रयत्न केला. बीडमध्ये तिला व्यवहारानेच उत्तर दिले.

ते उत्तर गायरानाच्या जमिनीवर मिळाले. मराठवाड्यातील भूमिहीन दलितांच्या जमिनीच्या मागणीला दादासाहेब गायकवाडांच्या १९५३ च्या सत्याग्रहापासूनची परंपरा आहे. १९७८ नंतर बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी ती परंपरा पुढे नेली. पोतराजाच्या घरात जन्मलेल्या, नामांतराच्या लढ्यात घडलेल्या आणि मानवी हक्क अभियान उभारणाऱ्या या कार्यकर्त्याने गायराने कसणाऱ्या दलित, पारधी व इतर भूमिहीनांना संघटित केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची तरतूद केली. ती तारीख आंबेडकर जयंतीची आहे. महसुली दप्तरातील एका मुदतीवर जयंतीची तिथी यावी, ही घटना पुनर्वाटप आणि मान्यता यांच्या संबंधाविषयी पुष्कळ सांगून जाते. गावाच्या नजरेत गायरान कसणारा दलित हा केवळ अतिक्रमणदार नव्हता. 'आपली पायरी सोडणारा' होता. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव चढणे ही एकाच वेळी आर्थिक आणि प्रतीकात्मक घटना ठरली. विद्यापीठाच्या दारावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांना झालेला विरोध एकाच जातिव्यवस्थेतून आला होता. जी टीका एकाला 'भावनिक' व दुसऱ्याला 'मूलभूत' ठरवते, तिला हा विरोध समजत नाही.

४

मात्र एवढ्यावरून अस्मितेच्या टीकेत तथ्य नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तिचा सर्वांत समर्थ भाग अस्मितेच्या अंतर्गत विषमतेविषयी आहे. नामांतराच्या दंगलीत मारले गेलेले नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मातंग होते. तरीही दलित चळवळीच्या नेतृत्वात आणि साहित्याच्या केंद्रस्थानी मातंगांना किती स्थान मिळाले, हा प्रश्न दीर्घकाळ अवघड मानला गेला. आवाड यांनी आपल्या आत्मकथनाला अण्णाभाऊ साठे यांच्या गीतातून 'जग बदल घालुनी घाव' हे शीर्षक घेतले आणि बौद्ध धम्मही स्वीकारला. या दोन निवडींत एक भूमिका आहे : आंबेडकरी परंपरेवर मातंगांचा हक्क सांगणे आणि त्याच वेळी ती परंपरा एका जातीपुरती आकुंचित होऊ न देणे. ही अस्मितेची टीका आहे, परंतु ती अस्मितेच्या आतून, तिच्या विस्तारासाठी केलेली आहे.

स्त्रीप्रश्नाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक तीव्र होतो. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची मीमांसा केली. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याच सूत्रावर लिहिताना केवळ 'भिन्नत्व' साजरे करण्यातील धोका दाखवला आणि दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. ही भूमिदृष्टी जन्माने आपोआप मिळत नाही, व जन्मामुळे कोणास कायमची बंदही नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार.

बीडच्या ऊसतोडीवर हे सिद्धान्तन पारखून पाहता येते. तोडीचा हिशेब 'कोयत्या'चा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला, व्यवहार होतो तो पुरुषाशी. उसाच्या फडात वंजारी, मराठा, दलित, बंजारा असे सर्व असतात; वर्गदृष्टीच्या टीकाकाराला येथे अस्मितेपलीकडची एकजूट दिसावी अशीच ही परिस्थिती आहे. प्रत्यक्षात 'कोयता' ही राजकीय ओळख फारशी बनली नाही आणि या एककाच्या आत स्त्रीचे श्रम व शरीर दोन्ही अदृश्य राहिले. २०१९ मध्ये राज्यस्तरीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले, तेव्हा कोठे या श्रमव्यवस्थेला स्त्रीचे शरीर असते हे सार्वजनिक चर्चेला मान्य करावे लागले. जातीची भाषा, वर्गाची भाषा आणि लिंगभावाची भाषा यांपैकी कोणतीही एकटी हे वास्तव सांगू शकली नाही.

दलित साहित्याच्या समीक्षेतही हीच अडचण दिसते. 'बलुतं' १९७८ मध्येच प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अनुभवाच्या अस्सलतेला मूल्यमापनात मध्यवर्ती स्थान मिळाले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथाने समता, स्वातंत्र्य, न्याय यांना सौंदर्यमूल्ये म्हणून प्रतिष्ठा दिली. मात्र अनुभवाला अंतिम प्रमाण मानले की ज्यांचा अनुभव अद्याप लिहिला गेलेला नाही त्यांच्याविषयी समीक्षा मूक होते. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कै यांचा अनुभव व सिद्धान्तन यांच्या नात्याविषयीचा २०१२ मधील ग्रंथरूप संवाद याच पेचातून वाट काढू पाहतो. उसाच्या फडातील स्त्रीचे आत्मकथन नसेल, तर तिच्याविषयी सिद्धान्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मराठी समीक्षेपुढे आजही शिल्लक आहे.

५

अलीकडच्या काळात बीडमध्ये अस्मितेच्या टीकेने एक प्रशासकीय रूप धारण केले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनकाळात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी जिल्ह्यात जाळपोळ झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जातीय ताण विकोपाला गेला. २०२५ च्या प्रारंभी जिल्हा पोलीस दलाने अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या नामपट्ट्यांवरून आडनावे काढून केवळ नाव ठेवले. हेतू स्वच्छ आहे : वर्दीने जात सांगू नये.

नामांतराने एक नाव जोडले होते. या निर्णयाने एक नाव वगळले. दोन्ही कृतींमागे सार्वजनिक जीवन सर्वांचे असावे हीच इच्छा आहे, परंतु त्यांचे तर्क भिन्न आहेत. नामलोप गृहीत धरतो की ओळख दिसेनाशी झाली की पक्षपात शमतो. आडनाव ज्याच्यासाठी सत्तेचा परवाना होते त्याच्या बाबतीत हा उपाय काही प्रमाणात लागू पडेलही. ज्याचे नाव मुळात कोठेच नव्हते, त्याला मात्र पुसलेल्या पाटीने काही मिळत नाही. शिवाय गावात आडनाव न सांगताही जात कळते. गल्ली सांगते, पाणवठा सांगतो, स्मशान सांगते.

अस्मितेच्या टीकेला या इतिहासातून एक कसोटी मिळते. ही टीका कोणत्या नावाला अस्मिता म्हणते आणि कोणत्या नावाला केवळ नाव म्हणते, हे आधी पाहावे लागते. १९७८ मधील पुरोगामी विरोधक त्या कसोटीवर उणे पडले, कारण स्वतःची अस्मिता त्यांना अस्मिता म्हणून दिसलीच नाही. आवाड आणि रेगे यांची टीका तिच्यावर उतरते, कारण ती स्वतःच्या बाजूचा हिशेबही मागते. मराठी समीक्षेला दुसरी परंपरा पुढे न्यायची असेल, तर विद्यापीठाच्या दारावर नाव लागल्यावर वाद संपला असे तिला मानता येणार नाही. त्या नावाच्या पदव्या देणाऱ्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात, आणि त्यातील निम्मी माणसे हिशेबाच्या वहीत अजूनही स्वतःच्या नावाने नोंदलेली नसतात.