घराचा मोहरा

शाळेत असताना पूर्णा गावात, घरच्या ओटीवर, आजोबांशी बुद्धिबळाचा डाव रंगला होता. माझं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं. मी वजीर मागितला. आजोबा म्हणाले, "घर हत्तीचं, मिळणार हत्तीच." मी स्पर्धेचं नियमपुस्तक आणून दाखवलं. त्यांनी पट आवरला.

नियम दोघांचेही खरे होते. देशी बुद्धिबळात प्यादं ज्या घरात पोचतं, त्या घराचा मोहरा होतं. पहिल्या चालीलाही ते एकच घर सरकतं. शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. पण आपले दोन्ही हत्ती पटावर असतील तर तिसरा मिळावा का? याचं उत्तर ठिकाणागणिक बदलायचं. डावाआधी बोलून घ्यावं लागे.

मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढले, आंतरराष्ट्रीय नियम नंतर शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश विजेते ठरले. १९२४ साली फिडे, १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. अनोळखी माणसांना एका पटावर बसवायचं तर नियम एकच हवेत. त्यात देशी डाव मागे पडला.

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तीन पुस्तिकांतही अशा बऱ्याच जागा मोकळ्या होत्या. खेळणारे आपापला अर्थ लावत. आजही वाद पेटला की निवाडा डंजन मास्टर करतो.

आमच्या मित्रांत ते काम माझ्याकडे असतं. पुस्तक उघडण्याआधी मी विचारतो, "तुमच्याकडे कसं खेळतात?" आजोबांना हे विचारायचं राहून गेलं.